नाल्यापासून शेतापर्यंत: रखडलेल्या सांडपाणी प्रकल्पासाठी निधी मागताना

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या नगरपालिकेतील एका तरुण अभियंत्याने मला एक जाडजूड अहवाल वाचायला आणून दिला. गाव कृष्णाकाठचे आणि सांगली जिल्ह्यातलेच आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण नदीकाठच्या बहुतेक गावांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. गावाच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शेतीला देण्याचा प्रकल्प आणि त्यासाठी शासनाकडे मागावयाचा निधी, असा अहवालाचा विषय होता. पाने चाळताना परिशिष्टातील एका नकाशावर माझी नजर थांबली. नाल्याची वळणे, पंपगृहाची जागा, चिंचेच्या झाडाजवळ धरलेली आधारपातळी, हे सारे मी ओळखत होतो. खालच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरे होती. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत दोन मजूर बरोबर घेऊन, नाल्याच्या काठाने लेव्हल लावत मी तो नकाशा काढला होता. त्यानंतर मी बढती घेतली, सेवानिवृत्त झालो, आणि तो नकाशा अजून निधीच्या प्रस्तावाला जोडला जात आहे.

दोन दिवस बसून मी तो अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. सन २०५० पर्यंतच्या लोकसंख्येचा अंदाज आहे, नळांच्या व्यासाचे तक्ते आहेत, प्रक्रिया केंद्राचा आराखडा आहे, चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक आहे. केंद्राच्या शेवटच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयी मात्र एकच वाक्य आहे: ‘प्रक्रिया केलेले पाणी परिसरातील शेतकऱ्यांना उपलब्ध करून देण्यात येईल.’ हे वाक्यही माझेच आहे. तेव्हा ते लिहिताना मला काही खटकले नव्हते, आणि आज त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण आमचा प्रकल्प ज्या ज्या ठिकाणी अडला त्या सर्व जागा या एका वाक्यात झाकलेल्या होत्या. हे पाणी कोणते शेतकरी घेणार, किती घेणार, ते त्यांच्यापर्यंत कोण पोहोचवणार आणि त्याचे वीजबिल कोण भरणार, याचे उत्तर आम्ही स्वतःला दिले नव्हते आणि निधी देणाऱ्यांनीही विचारले नव्हते. आपण शासनाकडे बांधण्याचे पैसे मागतो. चालवण्याचा विषय निघाला की ताकाला जाऊन भांडे लपवतो.

सांगलीकरांना शेरीनाला समजावून सांगावा लागत नाही. शहराचे मैलापाणी घेऊन हा नाला वसंतदादांच्या समाधीस्थळाच्या परिसरात कृष्णेला मिळतो. पावसाळ्यात नदी दुथडी वाहत असते तेव्हा कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये कोयनेतून सोडलेले पाणी मध्येच थांबले आणि प्रवाह मंदावला की काठालगत काळपट पट्टा दिसू लागतो आणि संध्याकाळी घाटावर बसणे नकोसे होते. हेच पाणी पुढे हरिपूरच्या संगमावरून, अंकलीवरून, म्हैसाळवरून नरसोबाच्या वाडीला जाते. वाडीला जाणारा भाविक ज्या पाण्यात श्रद्धेने उतरतो त्यात आमच्या घरांचे, आमच्या शहरांचे सांडपाणी मिसळलेले आहे, ही गोष्ट मला कधीही सहज पचलेली नाही.

शेरीनाल्याचे पाणी उचलून धुळगावच्या बाजूला न्यावे, तेथे तळ्यांमध्ये त्यावर प्रक्रिया करावी आणि शेतीला द्यावे, ही कल्पना मुळात फार चांगली होती आणि आजही चांगली आहे. ती प्रत्यक्षात येण्यात वर्षे गेली. निवडणुकांमागून निवडणुका झाल्या, जाहीरनाम्यांत नाल्याचा उल्लेख येत राहिला आणि प्रश्नाचे भिजत घोंगडे तसेच राहिले. त्याबद्दल सभांतून पुष्कळ बोलले गेले आहे, वृत्तपत्रांतून लिहिले गेले आहे, म्हणून मी त्या तपशिलात जात नाही. मला बोलायचे आहे ते पाण्याच्या हिशेबाबद्दल.

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ५,०२,७९३ आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरावा आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते असे मानावे, हा आमच्या क्षेत्रातील रूढ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने, दीड दशकापूर्वीची लोकसंख्या धरूनही, रोजचे सुमारे ५४ दशलक्ष लिटर सांडपाणी होते. वर्षाचे झाले जवळजवळ १.९८ कोटी घनमीटर, म्हणजे ०.७ टीएमसी (अब्ज घनफूट). उसाला हेक्टरी २०,००० घनमीटर इतके सढळ पाणी धरले तरी एक हजार हेक्टरांच्या आसपास उसाची वर्षभराची गरज यात भागते, आणि ठिबक असेल तर त्याहून बरेच अधिक क्षेत्र भिजते. दुष्काळी पूर्व भागात एकेका आवर्तनासाठी लोक मोर्चे काढतात, रस्ता अडवतात. त्याच जिल्ह्यात हे पाणी बारा महिने, एकही दिवस खंड न पडता, कोणी न मागता येत असते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी फार थोड्या लोकांच्या ध्यानात असते. कृष्णेच्या पाण्याचे वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ च्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले, आणि कोणता वापर किती मोजायचा याचे नियमही घालून दिले. त्यानुसार नदीतून शहरांच्या घरगुती वापरासाठी उचललेल्या पाण्यापैकी फक्त २० टक्के पाणी ‘वापरले’ असे धरायचे आहे, कारखान्यांसाठी तर अवघे २.५ टक्के. बाकीचे नदीला परत येते हे लवादाने गृहीतच धरले आहे. म्हणजे जे पाणी आपण नदीला परत करतो असे कागदावर पन्नास वर्षे मांडले जात आहे ते आपण कोणत्या अवस्थेत परत करतो, हा प्रश्न निव्वळ स्वच्छतेचा राहत नाही, खालच्या गावांच्या हक्काचा होतो. तसेच ते पाणी शेतीकडे वळवले तर त्याची मोजणी सिंचन म्हणून पूर्ण होणार, हेही प्रस्ताव लिहिणाऱ्याने जलसंपदा विभागाकडे जाण्यापूर्वी ओळखून ठेवले पाहिजे. अन्यथा ऐन वेळी त्रुटीचे पत्र येते आणि एक वर्ष जाते.

आता निधीच्या वाटा पाहू. १९९५ मध्ये राष्ट्रीय नदी संवर्धन योजना सुरू झाली आणि तिच्यात कृष्णेवरील कराड आणि सांगली ही दोन्ही शहरे होती. २००५ च्या डिसेंबरात केंद्राने मोठ्या शहरांसाठी नेहरू अभियान आणि त्याच्या जोडीने लहान-मध्यम शहरांसाठी पायाभूत सुविधांची वेगळी योजना आणली. राज्याने नगरोत्थान अभियान आणले. जून २०१५ मध्ये शहरांच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारणासाठी केंद्राची ‘अमृत’ योजना आली, आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘अमृत’चा दुसरा टप्पा व ‘स्वच्छ भारत’चा शहरी दुसरा टप्पा एकाच दिवशी सुरू झाले. यादी वाचताना वाटते की पैशाची कधी वाण नव्हती. मात्र प्रत्येक योजनेचा नमुना वेगळा, निकष वेगळे, हिस्सेवाटप वेगळे आणि तपासणारी समिती वेगळी. एका योजनेखाली तांत्रिक मान्यता मिळेपर्यंत ती योजना बंद होण्याच्या मार्गावर असायची आणि आम्ही तोच प्रकल्प नव्या नमुन्यात उतरवायला बसायचो. माझ्या कारकिर्दीत एकाच नाल्याचे तीन अहवाल मी पाहिले, त्यातले दोन माझ्या हातून गेले.

मधल्या काळात दरसूची बदलते. दरवर्षी ८ टक्के भाववाढ धरली तर नऊ वर्षांत खर्च दुप्पट होतो. मग सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते, जिला कार्यालयात सगळे ‘सुप्रमा’ म्हणतात, आणि सुप्रमा येईपर्यंत पुन्हा दर बदललेले असतात. केवळ दरच बदलतात असेही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने महानगरे वगळता इतर गावांच्या प्रक्रिया केंद्रांसाठी बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यातील बीओडीची, म्हणजे घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूची, मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम ठरवली. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती १० वर आणण्याचा आदेश दिला. नदीच्या दृष्टीने हा आदेश योग्यच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्या गावांचे प्रस्ताव ३० धरून तयार झाले होते त्यांना हवा देण्याची क्षमता, टाक्यांचे आकार, पुढची गाळणी, सारे नव्याने मांडावे लागले. आमचा प्रस्ताव त्याच सुमारास परत आला. जो प्रकल्प वेळेवर झाला असता तो नव्या मर्यादेसाठी सुधारून घेता आला असता. जो कागदावरच होता तो मुळापासून लिहावा लागला.

मोठ्या शहरांनाही हे चुकलेले नाही. पुण्याच्या मुळा-मुठा प्रदूषणमुक्तीचा ९९०.२६ कोटी रुपयांचा प्रकल्प जपानच्या अर्थसाहाय्याने २०१६ च्या जानेवारीत मार्गी लागला. त्यात अकरा केंद्रे आणि ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता होती, आणि जानेवारी २०२२ पर्यंत तो पुरा व्हावयाचा होता. तसा तो झाला नाही, आणि खर्च वाढला. पैसे मंजूर असूनही काम रखडू शकते हे त्यावरून दिसते, आणि म्हणूनच ‘निधी मिळाला की झाले’ ही आपल्याकडची समजूत मला धोक्याची वाटते.

‘अमृत’च्या दुसऱ्या टप्प्यात एक लाख ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना केंद्र एक तृतीयांश पैसे देते, एक लाखाखालच्या शहरांना निम्मे. लहान गावांच्या सांडपाण्यासाठी ‘स्वच्छ भारत’च्या दुसऱ्या टप्प्यातही तरतूद आहे. उरलेला भार राज्य आणि स्थानिक संस्था यांनी वाटून उचलायचा असतो, आणि नेमके येथे घोडे अडते. स्वहिस्सा भरण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो, पण अंदाजपत्रकात त्याच्यासमोर रक्कम नसते. केंद्राचा पैसा २०, ४० आणि ४० टक्क्यांच्या हप्त्यांत येतो. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि त्रयस्थ तपासणी झाल्याशिवाय दुसरा सुटत नाही, आणि स्वहिस्सा न भरल्यामुळे काम अर्धवट असेल तर ते प्रमाणपत्र द्यायचे तरी कशाचे? ठेकेदार काम थांबवतो, खणलेल्या रस्त्यांवरून लोक ओरडतात, नगरसेवक रस्ता आधी बुजवा म्हणतात, आणि पुरलेले नळ कशालाही न जोडता जमिनीत राहतात. आमच्या गावात एका आजोबांनी मला भर रस्त्यात थांबवून विचारले होते, ‘सायेब, नळ्या गाडून दोन पावसाळं झालं, आता ह्यातनं पानी कवा जानार?’ माझ्याकडे तारीख नव्हती. असे असूनही मी त्यांना एक तारीख सांगितली, आणि ती खोटी ठरली.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी दहा लाखांखालील शहरांना जे अनुदान दिले त्यातले ६० टक्के बंधित ठेवले, निम्मे स्वच्छतेसाठी आणि निम्मे पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. ‘पुनर्वापर’ हा शब्द तेथे स्पष्टपणे लिहिलेला आहे, हे फार महत्त्वाचे आहे. स्वहिस्सा कोठून आणायचा या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर त्यात होते. अनेक ठिकाणी हा पैसा टँकर, पाइपलाइनच्या किरकोळ दुरुस्त्या आणि गाड्यांच्या खरेदीत वाटला गेला, कारण ती कामे वर्षाच्या आत दाखवता येतात.

न्यायालयांनी आपल्या परीने रेटा लावला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात नगरपालिकांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारायला तीन वर्षांची मुदत दिली. हरित न्यायाधिकरणाने १ एप्रिल २०२० पासून, तात्पुरते शुद्धीकरणही न केलेल्या प्रत्येक नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपये भरपाई ठरवली. एका नाल्याचे वर्षाला ६० लाख होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले सर्वाधिक ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला मात्र ५५ झाला. निधीच्या प्रस्तावात हे आकडे पहिल्या पानावर असावेत असे मी त्या तरुण अभियंत्याला सांगितले. मागणी ही उपकाराची याचना नसून कायद्याने घातलेल्या जबाबदारीचा खर्च आहे, हे त्यातून मंत्रालयातील टेबलापर्यंत पोहोचते.

आता चालवण्याच्या खर्चाकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा येथे आहे. दहा लाख लिटर पाणी एक मीटर उंच उचलायला, पंप आणि मोटार यांची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर सुमारे ४.२ युनिट वीज लागते. समजा, रोज २० दशलक्ष लिटर पाणी नळातील घर्षण धरून एकूण ६० मीटर उचलायचे आहे. रोजची ५,००० युनिट झाली. युनिटला ८ रुपये धरले तर रोजचे ४०,००० रुपये, वर्षाचे दीड कोटींच्या जवळ. हा झाला फक्त उचलण्याचा खर्च. टाक्यांत हवा सोडणारे ब्लोअर, क्लोरीन, गाळ काढणे, मोटारींचे रिवाइंडिंग, तीन पाळ्यांतील माणसे हे वेगळे. ज्या पालिकेला रस्त्यावरच्या दिव्यांचे वीजबिल भरताना धाप लागते तिने हे कोठून भरायचे? आणि बिल थकले की काय होते हे मी पाहिले आहे. जोडणी तुटते, पंप बंद राहतो, वेट वेल, म्हणजे पंपापाशी सांडपाणी जमण्याची विहीर, भरते आणि नाला जुन्या वाटेने नदीत जातो. कोट्यवधी रुपयांचे केंद्र काठावर कोरडे उभे असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की काम निकृष्ट झाले. काम बहुधा चांगले झालेले असते. वीज भरायला महिन्याचे पैसे नसतात.

उचलणे टाळता येत नाही का, असा प्रश्न रास्त आहे. सांगली जिल्ह्यात त्याचे उत्तर अवघड आहे. नदीकाठच्या मिरज, वाळवा, पलूस पट्ट्यातील काळ्या जमिनी अतिपाण्याने आधीच क्षारपड झालेल्या आहेत. सांडपाण्यात प्रक्रियेनंतरही क्षार राहतात, आणि ते पाणी अशा जमिनीत सोडणे म्हणजे आजाऱ्याला तेच जेवण पुन्हा वाढणे. पाण्याची गरज आहे ती वरच्या, निचऱ्याच्या, हलक्या माळरानाला, आणि तेथे जायचे तर चढण आहे. शिवाय २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, जेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. पंपगृहाचे विजेचे पॅनेल त्या रेषेच्या वर हवे, हा खर्च जुन्या अंदाजपत्रकांत नव्हता. माझ्या नकाशावर पंपगृहाची जी जागा होती ती त्या पुरात संपूर्ण पाण्याखाली गेली. नव्या अहवालात ती तशीच उतरवलेली पाहून मी पेन्सिलीने तिच्यावर काट मारली.

नागपूरचे उदाहरण मला येथे फार मोलाचे वाटते. भांडेवाडीचे १३० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले ते कोराडीच्या वीज केंद्राला पाणी हवे होते म्हणून. महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्यात करार झाला, ग्राहक आधी ठरला, आणि नेहरू अभियानाचा निधी त्या कराराच्या आधारावर आला. सुरतेने २०१४ पासून पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांना रोज ४० दशलक्ष लिटर शुद्ध केलेले सांडपाणी विकायला सुरुवात केली. दोन्हीकडे पाणी घेणारा ठरलेला होता, दर ठरलेला होता, आणि त्या पैशातून केंद्र चालवण्याला आधार मिळाला. ‘अमृत’च्या दुसऱ्या टप्प्याने उद्योगांच्या गरजेपैकी ४० टक्के पाणी पुनर्वापरातून भागवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहती आपल्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्याशी आधी बसून किती पाणी, कोणत्या दर्जाचे, कोणत्या दराने हे लेखी ठरवले, तर कारखान्यांनी भरलेल्या दरातून शेतीकडे जाणाऱ्या पाण्याच्या विजेचा काही भार उचलता येईल. शेतकऱ्याकडून पूर्ण खर्च वसूल करता येणार नाही, हे मान्य करूनच मांडणी केली पाहिजे.

म्हणून त्या तरुण अभियंत्याला मी अहवाल उलट्या क्रमाने लिहायला सांगितला आहे. पाणी घेणारे गट क्रमांक आणि त्यांची संमतीपत्रे आधी, मग पाच वर्षांचे वीजबिल व ते कोणत्या लेखाशीर्षातून भरणार याचा ठराव, मग जागेचा सात-बारा पालिकेच्या नावावर झाल्याचा उतारा, आणि हे सारे हातात आल्यावर टाक्या व नळ. तो म्हणाला, ‘सर, नमुन्यात यासाठी रकानाच नाही.’ त्याचे म्हणणे खरे होते. मी त्याला सांगितले की रकाना नसला तरी परिशिष्ट जोडायला कोणी मनाई केलेली नाही, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ज्या प्रस्तावात कमी प्रश्न विचारावे लागतात तो पुढे सरकतो. मुलगा मनापासून काम करणारा आहे. आमच्या वेळी आम्हाला कोणी हे सांगितले नव्हते.

गेल्या रविवारी आम्ही दोघे मिळून वरच्या माळावर गेलो, जेथे नळ संपावयाचा आहे. पाच-सहा शेतकरी भेटले. एकाच्या शेतात शाळू काढून झाला होता, दुसऱ्याची द्राक्षबाग होती. बागवाल्याने हे पाणी नको म्हणून स्पष्ट सांगितले, आणि त्याचे बरोबर होते. निर्यातीच्या मालावर कोणी शंका घ्यावी हे त्याला परवडणारे नाही. कच्ची खायची भाजी या पाण्यावर करायची नाही हे आम्हीही आमच्या बाजूने सांगितले. ऊस, मका, हत्ती गवत यांना मात्र अडचण नाही, आणि या पाण्यात नत्र असल्यामुळे युरियाची एखादी पिशवी कमी लागते. अभियंत्याने प्रयोगशाळेतून आणलेली बाटली काढली. एका शेजारच्या गावच्या चालू केंद्रातील ते पाणी होते. एका वयस्कर शेतकऱ्याने बाटली उन्हाकडे धरली, झाकण काढून वास घेतला, थोडे पाणी तळहातावर ओतून बोटांनी चोळले आणि म्हणाले, ‘हिरीच्या पान्यापरास बरं दिसतंय की.’

संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यांनी एकच विचारले. त्यांच्या भागात शेतीची वीज आठ तास असते, एक आठवडा दिवसा आणि पुढचा आठवडा रात्री. त्या आठ तासांत पाणी आले तर ते पिकाला लागेल. बाकीचे सोळा तास ते कोठे साठवायचे? केंद्र चोवीस तास चालणार, पाणी चोवीस तास येणार, आणि माळावर साठवण तळ्याची तरतूद आमच्या तिन्ही अहवालांपैकी एकातही नव्हती. अभियंत्याने माझ्याकडे पाहिले. मी वही काढली आणि बांधावरच बसून सोळा तासांच्या पाण्याला किती आकाराचे तळे लागेल याचा हिशेब मांडायला घेतला. त्या शेतकऱ्याने समोरच्या पडीक तुकड्याकडे बोट दाखवले आणि तो कोणाच्या नावावर आहे ते सांगितले.